बोंबलाचा जबडा

डहाणूहून बोर्डीकडे जाणारा रस्ता समुद्राला चिकटून जातो. पावसाळा सरला, ऊन तापू लागले की या पट्ट्यातल्या मांगेल्यांच्या वस्त्यांतून बांबूच्या वलांडी उभ्या राहतात आणि त्यांवर बोंबील सुकू लागतात. सुक्या मासळीच्या वासाने नाक मुरडणारा प्रवासी गाडीची काच वर करतो आणि पुढच्या चिकूच्या वाड्यांची वाट पाहू लागतो. त्याने काच खाली करून दोन मिनिटे थांबावे, असे मला फार वाटते. कारण त्या वलांडीवर एक छोटेसे आश्चर्य टांगलेले असते.

बोंबील दोरीवर टिकतो कसा? ना दोरा, ना चिमटा, ना खिळा. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर टाकायची. बस्स. मग वारा कितीही सुटो, जोडी सुटत नाही. पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा मी शाळकरी होतो. वलांडीपाशी बसलेल्या एका काकींना मी विचारले, तेव्हा त्यांनी हातातला ओला बोंबील माझ्यापुढे धरला, त्याचे तोंड उघडले आणि म्हणाल्या, "बोट घाल. आत जाईल, बाहेर काढताना बघ." मी बोट घातले. आत सहज गेले. बाहेर काढताना बारीक सुयांनी धरून ठेवावे तसे झाले. काकी हसल्या. त्या दिवशी माशांच्या खाण्याविषयी मी जे शिकलो, ते पुढे कुठल्याही पुस्तकाने इतक्या नीट शिकवले नाही.

बोंबलाचे दात मागे वळलेले असतात आणि आतल्या बाजूला मिटतात. भक्ष्य आत शिरताना ते वाकून वाट देतात. बाहेर पडू लागले की उभे राहतात. एकदा तोंडात आलेला घास परत जाऊ द्यायचा नाही, एवढ्यासाठी ही सारी रचना. आता प्रश्न असा, की डहाणूच्या उथळ, गढूळ, अन्नाने भरलेल्या पाण्यात राहणाऱ्या या मऊ माशाला इतके कंजूष तोंड कशाला हवे होते?

उत्तर त्याच्या गोतावळ्यात आहे. बोंबील ज्या गणात मोडतो, त्या गणातले त्याचे अनेक भाऊबंद खोल, काळ्याकुट्ट समुद्रात राहतात. त्यातला एक मासा आपल्या परांच्या तीन लांब काड्यांवर समुद्रतळाशी तिपाईसारखा उभा राहतो, प्रवाहाकडे तोंड करतो आणि वाहत येणाऱ्या अन्नाची वाट पाहत बसतो. बोंबलाच्या अगदी जवळचे, त्याच वंशातले काही मासेही खोल पाण्यातले आहेत. म्हणजे आपल्या ताटातला हा गरीब बोंबील म्हणजे खोल समुद्राच्या घराण्यातला, उथळ पाण्यात संसार थाटलेला पाहुणा म्हणायला हरकत नाही. भरपूर अन्नाच्या गावी आला, पण तोंड मात्र दुष्काळातले घेऊन आला.

आणि खोल समुद्र म्हणजे दुष्काळच. आमच्या किनाऱ्यावरच्या माणसाला विचारले तर चाळीस वाव पाणी म्हणजे त्याच्या लेखी खोल समुद्र. शास्त्रज्ञांचा खोल समुद्र त्याच्या फार पुढे, दोनशे मीटरच्या खाली सुरू होतो. खंभातच्या आखातापासून मुंबईपर्यंतच्या भागात समुद्रबूड जमीन देशात सर्वांत रुंद आहे. किनाऱ्यापासून तीनशे किलोमीटरच्या आसपास गेल्यावर ती संपते आणि तळ झपाट्याने खाली उतरतो. दोनशे मीटरच्या खाली उजेड इतका क्षीण, की तिथे वनस्पती वाढू शकत नाहीत. हजार मीटरच्या खाली सूर्याचा एक किरणही पोहोचत नाही. जिथे हिरवे पान नाही तिथे शेत नाही, आणि जिथे शेत नाही तिथे धान्य नाही. मग तिथले मासे खातात काय?

वरून पडेल ते. वरच्या उजेडातल्या पाण्यात सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांना बारीक जीव खातात, त्यांना मासे खातात. या मोठ्या जेवणावळीतले उष्टे, म्हणजे मेलेले जीव, त्यांच्या काती, विष्ठा, चिकट तंतू, असे सगळे कणाकणाने खाली झिरपत राहते. शास्त्रज्ञांनी त्याला सागरी हिम असे सुंदर नाव दिले आहे. पण हे हिम वाटेतच अनेक तोंडे टिपून घेतात. तळापर्यंत पोहोचतात ते वरच्या अन्नातले शेकडा काही अंश.

अशा जागी जगायचे तर दोनच मार्ग. एक म्हणजे खर्च कमी करायचा. खोल समुद्रातले पुष्कळ मासे म्हणूनच मऊ, पाणचट, सावकाश हलणारे असतात. शरीर कमावणे तिथे परवडत नाही. आपल्या बोंबलाच्या अंगात शंभरातले पंच्याऐंशी-नव्वद भाग पाणीच असते. तव्यावर तो आक्रसतो तो उगाच नाही. दुसरा मार्ग म्हणजे आलेली संधी सोडायची नाही. म्हणून तिथे जबडे मोठे, दात लांब, पोट ताणले जाणारे. अँगलरफिशची मादी डोक्यावरच्या काडीच्या टोकाला दिवा लावते. तो दिवा तिचा स्वतःचा नसतो, त्यात वस्तीला आलेल्या जिवाणूंचा असतो. कुतूहलाने जवळ येणारा जीव थेट तिच्या तोंडात जातो. एका सावजासाठी एक दिवा, आणि तोही पोटापुरता.

सर्वांत खोल पाण्यातल्या माशाची गोष्ट तर आणखी साधी. २०२२ साली जपानजवळच्या एका गर्तेत ८,३३६ मीटर खोलीवर एका माशाचे चित्रण झाले. इतक्या खोल पाण्यात त्याआधी कधीही मासा चित्रित झाला नव्हता. हा राक्षस असेल असे कुणाला वाटेल. तो निघाला गोगलगाईसारखा मऊ, फिकट, विनातक्रार दिसणारा. गर्तेच्या तळाशी जमलेले झिंग्याच्या जातकुळीतले बारीक जीव तो तोंडाने ओढून खातो. दात विचकण्याची त्याला गरजच नाही.

'मोठा मासा लहान माशाला खातो' हे आपण सगळे ऐकत वाढलो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर त्याला मात्स्यन्याय असे नावच आहे, आणि तो टाळण्यासाठी राजा हवा, असे तिथे सांगितले आहे. पण माशांचा खरा न्याय पाहिला तर तो इतका एकमार्गी नाही. सौराष्ट्राच्या किनाऱ्याशी येणारा व्हेल शार्क हा जगातला सर्वांत मोठा मासा. तो बारीक प्लवक गाळून खातो. आपले पापलेट जेलीसारखे लिबलिबीत जीव आणि सूक्ष्म कवचधारी खाते. समुद्रात कोण कुणाला खातो, यापेक्षा कोण किती खातो आणि खाली काय उरते, हा प्रश्न मोठा आहे.

या हिशेबाला एक साधा नियम आहे. खाल्लेल्या अन्नातला अदमासे दहावा भागच खाणाऱ्याच्या अंगी लागतो. बाकी हालचालीत, श्वासात, ऊबेत जातो. म्हणजे एक किलो बोंबील तयार व्हायला अदमासे दहा किलो जवळा-करंदी लागते. बोंबलाच्या पोटात शोधले तर हेच सापडते: जवळा, करंदी, मांदेली, आणि कधी कधी स्वतःच्याच जातीची पिल्ले. दुष्काळी तोंड आहे. ते समोर कोण आहे हे पाहत नाही.

आणि जवळा बोंबलाच्याच पोटात जातो असे नाही. तलासरी तालुक्याला समुद्र लागतो तो झाईपाशी, एवढासा. बाकी तालुका डोंगर आणि पाडे. पण तलासरीच्या बाजारात सुक्या मासळीच्या पाट्या नसतील असा बाजार मी पाहिलेला नाही. वारली बाई आठवड्याच्या मिठामिरचीबरोबर सुका जवळा घेते, चार सुके बोंबील घेते. पावसाळ्यात, लावणीच्या दिवसांत, भाजी नसते, हातात पैसा नसतो, तेव्हा भाकरीबरोबर मूठभर जवळा हेच त्या घरातल्या पोराबाळांचे सकस अन्न असते. समुद्र ज्यांनी कधी जवळून पाहिला नाही, अशा डोंगरातल्या मुलांची हाडे डहाणूच्या समुद्रातल्या जवळ्यावर पोसली जातात. अन्नसाखळी समुद्रात संपत नाही, ती झाईची वाळू ओलांडून डोंगर चढते.

म्हणूनच या साखळीच्या खालच्या कड्या आपण कशा ओरबाडतो, याची मला काळजी वाटते. आमच्या किनाऱ्यावरचे जुने जाळे म्हणजे डोल. समुद्रतळात रोवलेल्या खुंटांना बांधलेली लांब पिशवी. भरती-ओहोटीचे पाणी जे आणील ते घ्यायचे. पाण्यामागे धावायचे नाही. त्या तिपाईवरच्या माशाची आणि डोलीची युक्ती एकच. पण डोलीच्या शेवटच्या टोकाचा आस बारीक झाला, खुंटांची दाटी वाढली, आणि पाण्यामागे धावणारी यांत्रिक जाळी आली, तेव्हा वाट पाहणाऱ्याच्या वाट्याला उरते ते कमी होत गेले. पापलेटची बोटभर पिल्ले टोपल्यांतून येऊ लागली. जी मासळी माणसाच्या ताटात जाण्याइतकीही वाढलेली नाही, ती कुटून कोंबडीच्या आणि कोळंबीच्या खाद्यात जाऊ लागली. तलासरीच्या पाटीत जायचा जवळा कारखान्याच्या पोत्यात गेला, तर त्याची किंमत बाजारात वाढते आणि पाड्यावर वाटी रिकामी राहते.

दिव्यांची गोष्ट तर अँगलरफिशला लाजवणारी. प्रखर एलईडी दिव्यांचे झोत पाण्यात सोडून मासे गोळा करायचे आणि एका फेरीत थवाच्या थवा उपसायचा, ही पद्धत इतकी माजली, की २०१७ साली केंद्र सरकारला तिच्यावर बंदी घालावी लागली. बंदी आहे, तरीही रात्री समुद्रावर दिवे दिसतात ही किनाऱ्यावरच्या माणसांची तक्रार मिटलेली नाही. खोल समुद्रातली मादी पोट भरले की थांबते. आमच्या दिव्याला पोट नाही, त्यामुळे त्याला थांबणेही ठाऊक नाही.

उथळ पाणी असे आटत चालले की साहजिकच नजर पुढे जाते. 'खोल समुद्रात अमाप मासळी आहे, तिकडे चला' हे आवाहन आपण अधूनमधून ऐकतो. १९९१ साली केंद्र सरकारने खोल समुद्रातील मासेमारीचे धोरण आणले आणि परदेशी भागीदारीतल्या जहाजांना परवाने देऊ केले. देशभरचे मच्छीमार त्याविरुद्ध उभे राहिले, १९९४ मध्ये बंद झाले, मुरारी समिती नेमली गेली आणि तिने १९९६ साली ते परवाने रद्द करण्याची शिफारस केली. २०२१ मध्ये सरकारने खोल समुद्र मोहीम हाती घेतली. तीन माणसांना सहा हजार मीटर खाली नेणारी पाणबुडी हा तिचा एक भाग, आणि तिचे नाव 'मत्स्य' आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये दूरच्या पाण्यातल्या मासेमारीसाठी केंद्राचे नवे नियम आले. त्यांत सहकारी संस्थांना प्राधान्य आहे आणि दिव्यांच्या व जोडीने ओढायच्या जाळ्यांच्या मासेमारीला मज्जाव आहे. हे स्वागतार्हच. पण खोल पाण्यात जाण्याआधी तिथे कोण काय खातो, हे आपण विचारले आहे का?

अरबी समुद्राच्या खोल पाण्यात कंदीलमासे आहेत. बोटभर लांबीचे, पोटावर दिव्यांची रांग असलेले. १९७५-७६ मध्ये एका नॉर्वेजियन जहाजाने अरबी समुद्राची पाहणी केली, आणि तेव्हापासून त्यांच्या साठ्याचे अंदाज कोट्यवधी टनांत केले जातात. दिवसा ते कित्येकशे मीटर खाली, प्राणवायू जेमतेम असलेल्या काळोखात दडून बसतात. अंधार पडला की वर येतात, बारीक प्लवक खातात आणि उजाडण्याआधी परत खाली जातात. दररोज, सगळ्या महासागरांत, अशा जिवांची जी वरखाली ये-जा चालते, ती पृथ्वीवरची सर्वांत मोठी यात्रा आहे. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्या शोधणाऱ्या यंत्रांना समुद्राचा तळ रात्री वर सरकल्यासारखा दिसे, तो या थव्यांमुळे. वरचे अन्न पोटात घालून ते खाली नेतात, आणि त्याबरोबर हवेतला कर्बही खोल पाण्यात पोहोचवतात. त्यांनाच कुप्पा खातो, माकूल खाते, डॉल्फिन खातो.

खाद्याच्या कारखान्यांना मात्र या माशात फक्त टनांचा आकडा दिसतो. माणसाला तो फारसा रुचत नाही, म्हणून कुटून पोत्यात भरायचा. याला आपण नवी संपत्ती म्हणायचे? जवळा उपसला म्हणून बोंबील गेला, आता कंदीलमासा उपसून कुप्पा घालवायचा, एवढाच याचा अर्थ. न्यूझीलंडच्या खोल पाण्यात ऑरेंज रफी नावाचा मासा सत्तरीच्या दशकाच्या शेवटी मोठ्या प्रमाणावर धरू लागले. तो शंभर वर्षांहून अधिक जगतो आणि अंडी घालण्याच्या वयाला यायलाच त्याला वीस-तीस वर्षे लागतात, हे नीट कळेपर्यंत त्याचे अनेक साठे कोसळले होते. जिथे अन्न कणाकणाने पडते तिथे आयुष्यही कणाकणाने वाढते. तिथून भराभर काढता येते, भराभर परत येत नाही.

यावर कुणी म्हणेल, 'मग मच्छीमाराने करायचे काय? किनाऱ्यावर मासळी नाही, खोल पाण्यात जायचे नाही, पोट कसे भरायचे?' प्रश्न रास्त आहे, आणि कर्ज काढून होडी बांधलेल्या माणसाला वाळूवर उभे राहून उपदेश करण्याचा अधिकार मला नाही. पण माझे म्हणणे मच्छीमाराच्या विरोधात नाही; त्याच्याच बाजूचे आहे. किनाऱ्याचे पाणी हेच त्याचे शेत. ते राखले तर त्याला तीनशे किलोमीटर दूर जाण्याची पाळी येणार नाही.

आणि ते राखण्याची भाषा डहाणूला नवी नाही. २० जून १९९१ रोजी डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण स्थापन झाले. याच प्राधिकरणाने १९९८ मध्ये वाढवणच्या बंदराला नकार दिला होता. धर्माधिकारी २०१९ मध्ये गेले; २०२३ मध्ये प्राधिकरणाने परवानगी दिली, आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी सुमारे ७६ हजार कोटींच्या बंदराची पायाभरणी झाली. त्यासाठी समुद्रात चौदाशे हेक्टरांहून अधिक भराव पडायचा आहे. बंदराच्या बाजूने रोजगाराचे, व्यापाराचे युक्तिवाद आहेत आणि ते पोकळ आहेत असे मी म्हणणार नाही. पण भरावाखाली जाणाऱ्या उथळ पाण्याचा हिशेब आपण हेक्टरांत मांडतो, घासांत मांडत नाही. उथळ पाणी आणि खडक म्हणजे पिल्लांचे पाळणाघर. तिथे कोण वाढतो, काय खातो, मोठा होऊन कुठे जातो आणि शेवटी कुणाच्या ताटात पडतो, हा हिशेब मांडला तर तलासरीच्या पाड्यावरची ती मूठही त्यात धरावी लागेल. नुकसानभरपाई ठरवताना होडीवाल्याचे नाव यादीत येईल. ते आलेच पाहिजे. वलांडीपाशी बसणाऱ्या काकींचे येईल का? डोक्यावर पाटी घेऊन बाजार गाठणारीचे? आणि जवळा विकत घेणाऱ्या वारली बाईचे नाव कुठल्या यादीत लिहायचे?

आपण, म्हणजे रविवारी सकाळी पिशवी घेऊन बाजारात जाणारे तुम्ही-आम्ही, यात कुठे आहोत? बरेच जवळ. २०२३ साली राज्य सरकारने पापलेटला राज्यमासा ठरवले. त्याच वर्षी चोपन्न जातींच्या माशांसाठी पकडण्याचा किमान आकारही ठरवून दिला. पण कोळणीच्या पाटीत हाताच्या तळव्यात मावेल एवढे पापलेट स्वस्तात दिसले, की आपला हात पुढे जातोच. ते पिल्लू आपण घेतले नाही, तर हळूहळू कुणी आणणार नाही. ज्या माशाने अजून एकदाही अंडी घातली नाहीत, तो खाणे म्हणजे बियाण्याचे भात शिजवणे. आमच्या आजीच्या घरी उपासमार झाली तरी बियाण्याची कणगी उघडत नसत. पावसाळ्यात मासे खायचे नाहीत, नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय होडी लोटायची नाही, या रिवाजातही तीच कणगी आहे. आता कायद्यानेही १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. हा काळ कमी का, जास्त असावा का, यावर वाद घालावा. पण या दिवसांत 'ताजे पापलेट मिळेल का' असे विचारण्याची सवय तरी आपण सोडावी.

शेवटी खोल समुद्रातल्या एका माशाची गोष्ट सांगतो. काळा, वीतभर लांबीचा हा मासा आपल्याहून कितीतरी मोठे भक्ष्य गिळू शकतो; त्याचे पोट फुग्यासारखे ताणले जाते. २००७ साली कॅरिबियन समुद्रात असा एक मासा पाण्यावर तरंगताना सापडला. त्याची स्वतःची लांबी १९ सेंटिमीटर, आणि त्याच्या पोटात होता ८६ सेंटिमीटरचा मासा. गिळले तर खरे, पण पचवण्याआधी ते पोटातच सडले. सडताना वायू झाला, आणि त्या वायूने खोल पाण्यातल्या या माशाला फुगवून, मारून, थेट उजेडात आणून टाकले.

दुष्काळात वाढलेल्या त्या बिचाऱ्याचा दोष नाही. मागे वळलेल्या दातांनी एकदा धरलेले सोडता येत नाही, आणि पुढचा घास कधी मिळेल याचा भरवसा नाही. आपल्याला मात्र दोन्ही हात आहेत आणि पुढच्या हंगामाचा हिशेब करता येतो. बोर्डीच्या रस्त्याने पुढच्या वेळी जाल, तेव्हा वलांडीपाशी जरूर थांबा आणि बोंबलाच्या जबड्यात बोट घालून पाहा. आत सहज जाईल. बाहेर काढताना जे जाणवेल ते लक्षात ठेवा, आणि मग बाजारात जा.